मुका हात

आमच्या पथकात अण्णा उलटे चालायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. मिरवणूक पुढं जायची आणि ते तिच्याही पुढं, पण तोंड आमच्याकडं करून. दातांत शिट्टी, दोन्ही हात हवेत. वस्तीतून निघालं की वडगावची बाजारपेठ, तहसील कचेरी, कोर्टाकडचा रस्ता आणि मग चौक. एवढं सगळं ते उलटे चालत. मागचा खड्डा, उघडं गटार, रस्त्यात पसरलेलं कुत्रं, यातलं काही त्यांना दिसत नसे. ते मी बघायचं. मी पहिल्या ओळीत मधोमध, गळ्यात ताशा. दोन्ही हातांत काड्या असल्यामुळं हातानं काही दाखवता यायचं नाही. मी मान जिकडं कलती करीन तिकडं अण्णा सरकायचे. मी भुवया वर केल्या की थांबायचे.

"पोरांचे हात बगू का रस्ता बगू? दोन्ही न्हाई जमत. रस्ता तू बग," असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी चौथीत असेन. त्या वर्षी मिरवणूक संपेपर्यंत मी डोळे मिटले नाहीत. धूळ गेली, पाणी आलं, तरी नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "डोळं काय गं असं, मिरच्या कांडल्या का?"

आता मी गुरुग्रामला असते. अकराव्या मजल्यावर. खालून मिरवणूक गेली तरी इथं काचेतून आवाज येत नाही. इथल्या आजींचं मी करते, म्हणजे त्यांना उठवणं, बसवणं, अंघोळ, औषधं, जेवण. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळं लिहायला बसलं की भीती वाटते. ऱ्हस्व-दीर्घ तर सोडाच, भलतंच काही लिहून जाईन आणि कुणाला लागेल अशी भीती. पण आजींच्या सूनबाईंनी, मी त्यांना ताई म्हणते, फोनवर मराठी लिहायला शिकवलं आणि म्हणाल्या, "तू बोलतेस तसं लिही गं, कुणी तुला मारत नाही." त्यांचे उपकार आहेत माझ्यावर. म्हणून लिहिते.

अण्णा याच लोकांच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर माळी होते. आठवडाभर बागेला पाणी घालायचं, पालापाचोळा काढायचा, आणि शनिवार-रविवारी मालक आले की फाटक उघडायचं. रोज सकाळच्या लोकलनं जायचे आणि संध्याकाळी परत. संध्याकाळी हातपाय धुतले की वस्तीच्या समाजमंदिरापुढच्या ओट्यावर पथक. पोरं-पोरी सगळी. आधी आमच्या वस्तीच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरची गाडी असायची. एका वर्षी ती गाडी भर रस्त्यात बंद पडली आणि सगळी वस्ती निळे झेंडे धरून मुकाट उभी राहिली. अण्णांना ते लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी दोन जुने ढोल मिळवले, कुणाच्या तरी घरून ताशा आणला, आणि शाळेतून आलेली जी पोरं गोट्या खेळत होती त्यांना उचलून ओट्यावर बसवलं. आधी कितीतरी दिवस वाद्याला हात लावू दिला नाही. मांडीवर वाजवायचं. मांड्या लाल व्हायच्या. एक पोरगा म्हणाला, "अण्णा, ढोलाला लागत न्हाई, आमाला लागतंय." अण्णा म्हणाले, "म्हणूनच."

जयंतीशिवाय आम्हाला कधी कधी बाहेरही बोलवायचे. एका पंधरा ऑगस्टला तळेगावच्या सोसायटीत, एका सव्वीस जानेवारीला लोणावळ्यात. लोणावळ्याला त्या दिवशी सुट्टीचे लोक. आमचं संचलन बाजारातून निघालं आणि पुढं-मागं गाड्याच गाड्या. एका गाडीतून चष्मा लावलेल्या बाईंनी डोकं बाहेर काढून विचारलं, "भैया, शादी किसकी है?" आमचा शेवटच्या ओळीतला ढोलवाला पोरगा जागच्या जागी म्हणाला, "हमारी! खाना खाके जाना!" अख्ख्या ओळीचा ताल गेला हसून. अण्णांनी शिट्टी मारली, डोळे वटारले, आणि त्याच नादात एक पाऊल मागं टाकलं. मागं त्याच बाईंची गाडी होती. मी भुवया अशा वर केल्या की कपाळच दुखलं. अण्णा थांबले. त्यांच्या पाठीत आणि गाडीत हाताएवढं अंतर. वळून बघितलंसुद्धा नाही त्यांनी. माझ्याकडं बघून फक्त एकदा मान हलवली. मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नाही, पण त्या मान हलवण्यापुढं बक्षीस काय असतं मला माहीत नाही.

आता ते मुक्या हाताचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

अण्णांचा एक नियम होता. वाटेत दवाखाना आला, नाहीतर कुणाच्या घरात आजारी माणूस पडलेलं असलं, नाहीतर कुणी वारलेलं असलं, की ते हवेतली मूठ गच्च आवळायचे. मूठ आवळली की आवाज बंद. पण हात बंद नाही. ढोलाचं टिपरू कातड्याच्या दोन बोटं अलीकडं थांबवायचं, ताशाच्या काड्या हवेतच चालवायच्या, झांजा एकमेकींना न लावता उघडायच्या-मिटायच्या. सगळा ताल तसाच, फक्त मुका. ते घर मागं पडलं की अण्णा मूठ उघडायचे आणि सगळ्या वाद्यांचा ठोका एकदम एकाच जागी पडायचा. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. लोक टाळ्या वाजवायचे त्यालाच. याला आम्ही मुका हात म्हणायचो.

एकदा एका म्हातारीच्या घरापुढं एका पोराचं टिपरू चुकून टेकलं. धूम्म. एकच. अण्णांनी मिरवणूक थांबवली, त्या घरात गेले, म्हातारीच्या उशाशी उकिडवे बसले आणि माफी मागून आले. म्हातारी म्हणाली म्हणे, "आरं वाजवा की, मला काय हुतंय?" पण अण्णांनी आम्हाला ते सांगितलं नाही. ते मला लय नंतर आईकडून कळलं.

नववीतल्या थंडीत अण्णा बंगल्यावर गुलाबाची छाटणी करता करता बसले ते उठलेच नाहीत. उजवा हात आणि उजवा पाय गेला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बोलायचे, पण शब्द अर्धेच बाहेर यायचे, आणि अर्धे कळायला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. आईनं तळेगावला एका कंपनीच्या कॅन्टीनला काम धरलं. अण्णांजवळ दिवसभर कुणीतरी पाहिजे, म्हणून मी शाळा सोडली. मला कुणी सोड म्हणालं नाही. आई फक्त म्हणाली, "पुढल्या साली परत जाशील." मला तेव्हाही माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं.

एका दुपारी अण्णांनी डाव्या हातानं भिंतीकडं दाखवलं. खिळ्याला शिट्टी अडकवलेली होती. मी ती त्यांच्या ओठांत ठेवली. त्यांनी फुंकली. सगळा वारा ओढलेल्या बाजूनं निघून गेला. शिट्टीतला दाणा हललासुद्धा नाही. त्यांनी परत फुंकली. मग मी शिट्टी काढून घेतली, पुसली, आणि म्हणाले, "अण्णा, चहा करू?" ते म्हणाले, "कर."

एप्रिल आला. सराव अण्णांशिवाय झाला. शिट्टी आता ताशावाल्या दादाकडं होती. दादा म्हणजे आमच्यातला सगळ्यात थोरला पोरगा, अण्णांनी पहिल्याच वर्षी गोट्यांमधून उचलून आणलेला. तो उलटा चालायला शिकत होता आणि दर दोन पावलांना मागं वळून बघत होता. मी म्हणायचे, "दादा, माझ्याकडं बग ना." तो म्हणायचा, "तुज्यावर भरवसा हाय, माज्या पायांवर न्हाई."

अण्णा रोज संध्याकाळी ऐकायचे. समाजमंदिर आमच्या घरापासून लांब, तिथला आवाज नीट यायचा नाही. आमचं घर रस्त्याला लागून, पण दार बोळाच्या बाजूला. अण्णांच्या खाटेवरून रस्ता दिसायचा नाही. रस्त्याच्या भिंतीत वर एक झरोका होता, तेवढाच. जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांनी आईला सांगितलं, एकेक शब्द करून, की खाट झरोक्याखाली सरकव. आईनं शेजारच्या मावशींना घेऊन सरकवली. सकाळी त्यांना अंघोळ घातली, पांढरा सदरा घातला, उशाला दोन उशा दिल्या. मी पथकाचा पोशाख करून निघाले तेव्हा त्यांनी डाव्या हाताचं बोट झरोक्याकडं केलं. मी म्हणाले, "व्हय अण्णा, हितनंच जाणार हाये."

ते काय ऐकायला थांबलेत हे पथकाला कुणी सांगितलं नाही. सांगायचं कशाला? दारावरनं जाणार म्हणजे वाजणारच, असं आईला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

मिरवणूक वस्तीच्या टोकाकडून आली. ऊन चढलेलं. आमचं घर पुढं दिसायला लागलं आणि लिंबाच्या झाडाशी दादानं हात वर नेला. मूठ गच्च आवळली. आधी मला कळलं नाही. मग कळलं. ज्या माणसानं नियम घातला त्याचंच घर, आणि घरात आजारी माणूस. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं ओठांवर बोट ठेवून खाली पायांकडंही दाखवलं, म्हणजे पावलंसुद्धा वाजवायची नाहीत. आणि आमचं पथक त्या दिवशी जसं चाललं तसं कधीच चाललं नव्हतं. एकही काडी टेकली नाही. झांजेच्या दोरीचाही आवाज नाही. बोळाच्या तोंडाशी आई उभी होती. ती दोन्ही हात जोरजोरात हलवत होती. आम्हाला वाटलं, "हळू, हळू" म्हणते. दादानं मान डोलावली आणि आम्ही आणखी हळू झालो. मला अभिमान वाटत होता. खरं सांगते. वाटत होतं, अण्णा आत पडल्या पडल्या म्हणत असतील, काय शिस्त आहे पोरांची.

शेवटची ओळ घराच्या पुढं गेली, मूठ उघडली, आणि ठोका पडला तो पार लांब, पिठाच्या गिरणीपाशी.

दुपारी घरी आले तर आई दारात बसलेली. दंड चोळत होती. म्हणाली, "वाजवा म्हणून खुणावत हुते मी, समदी एवढी गप म्हणून वरडवलं न्हाई. वाजवा, वाजवा. हात दुखलं माजं." आत अण्णा भिंतीकडं तोंड करून. मी जवळ गेले. आई मागून म्हणाली, "आवं, पोरगी आली. दारावरनंच गेले की ते." अण्णा म्हणाले, "न्हाई आले." मी म्हणाले, "आलो होतो अण्णा. मुका हात केला." त्यांचे ओठ हलले. मग मी कान त्यांच्या तोंडाशी नेला तेव्हा म्हणाले, "मी हाय आजून."

संध्याकाळी दादा आला. उंबऱ्याच्या आत येईना. तिथंच बसून रडायला लागला. "अण्णा, तुमचाच नेम हुता." अण्णांचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. ते हसत होते. "नेम... दुसऱ्यांसाटी... आसतो, येड्या." मग दादा उठून म्हणाला, "ढोल आणतो आत्ता. हितंच वाजवतो." अण्णांनी डावा हात हलवला. नको. एकेक शब्द काढत म्हणाले, बसून नको, चालत पाहिजे. लांबनं यायला पाहिजे. लांबून येतं, मोठं होतं, अंगावरनं जातं, मग बारीक होत जातं, तसं. इतकी वर्षं ते पुढं होते. पथक येताना कसं वाटतं आणि गेल्यावर कसं वाटतं हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. दादा म्हणाला, "पुढल्या साली. शब्द." अण्णा म्हणाले, "व्हय."

ते वर्ष आम्ही दोघांनी घरात काढलं. मी स्वयंपाक करायचे आणि ते खाटेच्या लाकडावर डाव्या हाताच्या बोटांनी ठोके द्यायचे. चुकलं की स्वतःच थांबायचे आणि पहिल्यापासून. त्यांना कसं उचलायचं, कुशीवर कसं वळवायचं, पाठीला फोड येऊ नये म्हणून काय करायचं, हे मी तेव्हा शिकले. आज त्यावरच माझं पोट आहे. आजींना कुशीवर वळवताना कधी कधी माझ्या तोंडून "अण्णा, इकडं" निघतं. आजी वळतात. भल्या मनाच्या आहेत.

डोंगराच्या कडेचे पळस फुलले होते तेव्हा अण्णा गेले. जयंती तोंडावर आली होती. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठी आमच्यात असतो त्या, कार्यक्रमाला बंगल्याचे मालकही आले होते. दादा आईला विचारायला आला, "मावशी, काय करू?" आई म्हणाली, "आता कुणाला ऐकवायचंय? नेमानं करा." नेमानं म्हणजे मुका हात. दुखवट्याचं घर होतं ते, खरोखरचं. मी त्या वर्षी ओळीत नव्हते. मी खाटेवर बसले, झरोक्याखाली, आणि मला कळलं की काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आपलं माणूस किती छान शिकवून गेलंय हे मला तेव्हा पटलं, आणि त्यानंतर मी ताशा गळ्यात घातला नाही.

पुढं मालकांच्या मुलाची बदली इकडं झाली, आजींना माणूस पाहिजे होतं, त्यांना मी माहीत होते. मी आले. आईला म्हणाले, चल. ती म्हणाली, "घराला कुलूप नको." एकटीच राहते.

आमच्या घरापुढं मात्र मुका हात तसाच राहिला. दरवर्षी. दुखवटा केव्हाच संपला होता, पण बंद केलेलं परत कुणी सुरू करायचं, हे कुणाला सुचलं नाही. जुनी पोरं गेली, नवी आली. त्यांना अण्णा माहीत नाहीत. त्यांना एवढंच माहीत की लिंबापासून गिरणीपर्यंत वाजवायचं नाही. का, तर असंच असतं.

यंदा जयंतीच्या आधी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, गुडघ्याचं बोलली. मग म्हणाली, "आगं, यंदा मी त्या पोरांना सांगितलंय. आपल्या दारात वाजवा म्हणलं." मी विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "दर साली माज्या दारात आलं की गप हुत्यात. मेल्यावानी वाटतं. मी हाय की आजून."

मी आजींच्या औषधाची वाटी खाली ठेवली. मी तिला सांगितलं नाही की हेच शब्द अण्णांचे होते. कदाचित तिला आठवत असतील. कदाचित नसतील.

ती म्हणाली, "तू बी ऐक. शेजारची पोरगी फोन धरील."

त्या दिवशी मी ताईंना विचारलं, जरा वेळ पाहिजे होता. विचारायलाही मला धडधडतं, कुणी काही म्हणत नाही तरी. ताई म्हणाल्या, "अगं जा ना, मी बसते आईंजवळ." मी बाल्कनीत गेले. व्हिडिओ कॉल लागला. आधी रस्ता दिसला, लिंब दिसला. मग शेजारची मुलगी ओरडली, "आले आले, बगा!" आणि ओळ दिसली. पांढरे शर्ट, निळे पट्टे. पुढं दादा. आता पोट सुटलंय त्याचं. उलटा चालत होता आणि मागं वळून बघत नव्हता. पहिल्या ओळीत मधोमध एक लहान मुलगी, गळ्यात ताशा, डोळे मोठे केलेले. तिनं मान डावीकडं कलती केली. दादा सरकला. लिंब मागं गेला. दादाची मूठ वर गेली नाही. सगळ्यांचे हात चालत होते, जोरात, ढोलवाल्यांचे खांदे उडत होते.

आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

मला वाटलं, विसरले. परत मुका हात केला. मग नीट बघितलं. टिपरं कातड्यावर टेकत होती. झांजा एकमेकींवर आदळत होत्या. कडेच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मध्येच एखादा तुटका ठक् यायचा आणि परत गप्प. मी आवाज वाढवला, फोन कानाला लावला, परत समोर धरला. मुलीला म्हणाले, "जवळ ने, ढोलाजवळ ने." तिनं नेला, तर होतं तेवढंही गेलं. नंतर ताईंच्या मुलानं सांगितलं, फोनला तो गोंगाट वाटतो. माणसाचं बोलणं तेवढं तो ठेवतो, बाकीचं कापतो.

मी मग हात बघितले. पुढच्या ओळीचे हात बघितले की मला कळतं कुठला ठोका चाललाय, अजून कळतं. बाल्कनीच्या कठड्यावर माझी बोटं चालायला लागली. शेवटची ओळ घरावरून गेली, गिरणीकडं बारीक होत गेली. बारीक होताना दिसली, तेवढंच.

मग पडद्यावर आई आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. तिचं बोलणं मात्र स्वच्छ येत होतं.

"आलं का गं तिकडं?" तिनं विचारलं. "मी म्हणलं पोरांना, मोठ्यानं वाजवा. लय लांब जायचंय त्याला."

मी म्हणाले, "आलं आई. लय मोठ्यानं आलं."

"मग बरं," ती म्हणाली, आणि पोरांना पाणी द्यायला गेली. फोन ती बंद करायला विसरली. तो तिनं खाटेवर टाकला होता. वर झरोका दिसत होता.